दोन कुलपांची विहीर

सरांच्या वर्गात हजेरी देताना 'हजर' म्हणायची सोय नव्हती. नाव पुकारलं की 'शक्ती' किंवा 'नीती' म्हणायचं. आज सकाळचा पेपर वाचल्यावर जगातली शांतता कशाच्या जोरावर टिकली आहे असं वाटतं, ते एका शब्दात सांगायचं, असा त्यामागचा हेतू. पेपर कोणीच वाचून येत नसे. मागच्या बाकांवरची मुलं एकजात 'शक्ती' म्हणत, आम्ही मुली बऱ्याचदा 'नीती' म्हणायचो, आणि सर खरोखर मोजदाद करून फळ्याच्या कोपऱ्यात निकाल लिहीत. एकदा नवे प्राचार्य व्हरांड्यातून जाताना थबकले. राज्यशास्त्राच्या तासाला कसली प्रार्थना चालली आहे, असं त्यांनी शिपायाला विचारलं म्हणे. सर इतके गंभीर असत की हसायचं कसं, हाच आमच्यापुढचा प्रश्न असे.

वर्षाच्या पहिल्या तासाला ते प्रत्येकाला एकेक देश देत. मी तळा गावची. तळ्याला समुद्र नाही ना, मग तू बोलिव्हिया, असं म्हणून त्यांनी मला मोकळं केलं. बोलिव्हियालाही समुद्र नाही आणि त्या देशाला त्याचं फार दुःख आहे, हे मला वाचनालयात जाऊन कळलं. म्हसळ्याचा एक काडीपैलवान मुलगा रशिया झाला. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी अमेरिका झाली. ती पहाटे आईबरोबर मासळीच्या पाट्या उचलून मग कॉलेजला यायची, आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद हे तीच ठरवायची, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. वर्ष संपलं तरी सर देश परत घेत नसत. तिच्या लग्नात ते स्टेजवर गेले आणि नवरदेवाला म्हणाले, अमेरिकेशी संबंध ठेवताना मान ताठ ठेवा, पण आवाज बेताचा ठेवा. तिचा नवरा अजून ते सांगतो.

पुढे मी एमए होऊन त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आले आणि सरांच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. सरांच्या निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षं राहिली होती. बायको जाऊन बराच काळ झालेला, मूलबाळ नाही. रेवदंड्याच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यांची नारळ-पोफळीची वाडी, आणि वाडीत ते एकटे. चावी देताना मला म्हणाले, "ही खोली म्हणजे तुझा दूतावास. माझे कायदे उंबऱ्यापर्यंत." आणि हे त्यांनी शब्दशः पाळलं. खोलीचं छप्पर गळायला लागलं तेव्हासुद्धा ते बाहेर छत्री धरून उभे राहिले आणि मी 'या' म्हटल्याशिवाय आत आले नाहीत. मांजर मात्र येई. तिला ते घुसखोर म्हणत आणि माझ्या वतीनं तिच्याकडे निषेध नोंदवत. रविवारी वालाचं बिरडं करत, तेही असं की माझ्या आईलाही साधलं नसतं. वाटी उंबऱ्यावर ठेवून खाकरत आणि निघून जात. मला त्या माणसाचा फार लळा लागला होता, हे आताच सांगून टाकते.

अशा माणसाचं त्याच्या सख्ख्या चुलतभावाशी विळ्या-भोपळ्याचं नातं होतं. चुलतभाऊ पलीकडच्या वाडीत राहायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, अंगानं आडवे, बोलायला तोडून टाकणारे. मी त्यांना काका म्हणायची. सर त्यांचा उल्लेख 'शेजारी राष्ट्र' असा करत आणि ते सरांना 'मास्तर' म्हणत. ते त्यांच्या तोंडून प्राथमिक शाळेतल्यासारखं वाटे. भांडणाचं मूळ होतं विहीर. आजोबांच्या पाठीमागे वाटणी झाली तेव्हा वाडीचे दोन तुकडे झाले, पण विहीर एकच. हद्दीचा दगड बरोबर विहिरीच्या कठड्याला टेकलेला. मग ठरलं की पाणी एक दिवस ह्यांनी काढायचं, एक दिवस त्यांनी. दोन बाजूंना दोन लहान पंप बसले आणि कित्येक वर्षं ते धुसफुसत पण नीट चाललं.

मग काकांच्या मुलानं पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायची, सकाळ-संध्याकाळ अंघोळी करायची. लहान पंप पुरेना, म्हणून काकांनी मोठा आणला. त्यात सरांच्या वाईटावर काही नव्हतं. पण सरांनी कुंपणावरून तो पंप पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. आपल्या पाळीच्या दिवशी विहिरीत पाणीच उरलं नाही तर, एवढी एकच शंका. आठवड्याभरात त्यांनी त्याच ताकदीचा पंप अलिबागेहून आणला. मग काकांना वाटलं, मास्तराला दोन झाडांसाठी एवढा पंप कशाला हवा, ह्याच्या मनात काहीतरी आहे. त्यांनी त्याहून मोठा बसवला. सरांनी पुन्हा बरोबरी केली. एक राष्ट्र स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्र घेतं, दुसऱ्याला तो हल्ल्याचा बेत वाटतो, मग तेही घेतं, आणि दोघंही आधीपेक्षा जास्त असुरक्षित होतात: हा धडा सर दरवर्षी दोन तास घेऊन शिकवत. त्या वर्षीही शिकवला. त्याच संध्याकाळी तिसरा पंप बसवणाऱ्या वायरमनला चहा केला.

मी न राहवून म्हटलं, सर, हे तुमच्याच धड्यातलं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, मला माहीत आहे. पण माहीत असलं म्हणून भीती जात नाही.

समुद्राकाठची विहीर किती उपसायची यालाही मर्यादा असते. गोडं पाणी फार ओढलं की खालून खारं पाणी आत सरकतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तरीही मोठमोठ्यांच्या हातून ही चूक होते, कारण प्रत्येकाला वाटतं की ओढणारा तो दुसराच. आमच्याकडे आधी डाळ शिजेना. मी कुकरला दोष दिला, सरांनी किराणावाल्याला. मग झाडांना पाणी लावायला येणारी बाई एक दिवस कळशी खाली ठेवून म्हणाली, "सर, पानी खारट झालंय. ह्ये झाडान्ला घालायचं न्हाय." सरांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. मग कठड्यावर बसले ते बसूनच राहिले. पोफळीच्या पानांची टोकं तोवर करपायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मुलांनी नेहमीप्रमाणे 'शक्ती', 'नीती' म्हटलं. सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला गावानं खुळेपणा म्हटलं. ऐन दुपारी, काका ओटीवर बसलेले असताना, त्यांनी आपला पंप सोडवून घेतला, ओढत आणून गोणपाटावर ठेवला, आणि कुंपणापाशी जाऊन सांगितलं की मी माझा काढलाय, विहिरीला विसावा दे, तूही लहान पंपावर ये. काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते सरांच्या पाळीलाही पंप लावायला लागले. खोल्यांना पाहुणे होते, त्यांची अडचण होती, आणि मास्तराला नाहीतरी पाणी नकोच होतं. सर दोराला बादली बांधून पाणी शेंदत. सकाळी कॉलेजच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर, हाताला फोड येईपर्यंत. मी मदतीला गेले की म्हणत, तुझा देश यात तटस्थ आहे. मी म्हणे, खड्ड्यात गेला माझा देश, आणि दोर हातात घेई.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या पोफळी गेल्या. आजोबांनी लावलेल्या, सरळ, उंच पोफळी एकेक करून शेंड्यापासून वाळल्या आणि पावसाच्या आधी तोडाव्या लागल्या. काकांची झाडं जमिनीच्या चढावर होती, ती वाचली. मला इतका संताप आला होता की मी सरांवरच ओरडले. कसली नीती घेऊन बसलात, समोरच्याला त्याची किंमत नाही. सर म्हणाले, बरोबर आहे तुझं. एवढंच. वाद घालणारे सर मला चालले असते. तोडलेल्या खोडांवर बसून 'बरोबर आहे तुझं' म्हणणारे सर बघवत नव्हते.

काकांच्या घराकडे जाणारी गाडीवाट सरांच्या अंगणाच्या कोपऱ्यातून जायची. वाटणीत तशीच राहून गेलेली, कोणी कधी अडवलेली नव्हती. पुढच्या हंगामाच्या तोंडाशी एका शनिवारी सरांनी त्या वाटेवर दोन खांब रोवले, मध्ये जाड बांबूचं बेडं घातलं आणि त्याला कुलूप लावलं. दुपारी पर्यटकांच्या गाड्या येऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. लोक बॅगा आणि रडणारी मुलं घेऊन उन्हात उभे. काकांचा मुलगा आधी भांडायला आला, मग विनवायला. शेवटी काका स्वतः आले. सर म्हणाले, विहिरीचं बोलायचं असेल तर बस, नाहीतर सावलीत उभा राहा, ऊन आहे.

त्या दिवशी ओटीवर जो करार झाला त्याचा कागद केला नाही. सरांचा कागदावरच्या करारांवर फारसा विश्वास नव्हता, आणि आयुष्यभर त्यांनी शिकवलं मात्र तेच होतं. दोघांनी आपापले मोठे पंप विकायचे. विहिरीवर एकच लहान पंप बसवायचा. त्याच्या बटणाला लोखंडी पेटी, आणि पेटीला दोन कुलपं. एक चावी ह्यांच्याकडे, एक त्यांच्याकडे. दोघं आल्याशिवाय पेटी उघडणार नाही. विहिरीच्या आतल्या भिंतीवर तांबड्या रंगाची रेघ ओढायची, पाणी रेघेच्या खाली गेलं की पंप बंद, मग कोणाची का पाळी असेना. काका म्हणाले, म्हणजे रोज सकाळी तुझं तोंड बघायचं का? सर म्हणाले, हो, मलाही ती शिक्षा आहेच.

बेडं संध्याकाळी उघडलं. सर जिंकले असं गावानं म्हटलं, मीही म्हटलं. सर त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "माझ्या पोफळी मेल्या तेव्हा तो हलला नाही. बांबू आडवा घातला तेव्हा आला. म्हणजे ही शांतता त्याच्या मनातली नाही, त्या बांबूची आहे." मी म्हटलं, असेना का, पाणी तर वाचलं. ते म्हणाले, पाणी वाचलं, पण मला त्याच्याबद्दल काहीच कळलं नाही. हे त्यांना लागून राहिलं. पुढच्या वर्षांत त्यांनी कितीतरी वेळा हा विषय वेगवेगळ्या तोंडानं काढला. धाकानं टिकलेली शांतता पुष्कळ वर्षं टिकली, तर तिच्यात आपोआप काही उगवतं का, की धाक काढला की सगळं जिथल्या तिथे? मुलांना ते याचं उत्तर परीक्षेत लिहायला सांगत आणि कोणतंही उत्तर आलं तरी सारखेच गुण देत.

विहीर दोन पावसाळ्यांनी निवळली. डाळ शिजायला लागली. सर निवृत्त झाले आणि त्यांनी मोकळ्या जागेत पोफळीची नवी रोपं लावली. रोज सकाळी दोन म्हातारे विहिरीवर यायचे, आपापलं कुलूप काढायचे आणि पंप चालू असेपर्यंत कठड्याच्या दोन टोकांना उभे राहून पाण्यात बघत राहायचे. पहिलं वर्षभर अवाक्षर नाही. मग एकदा सरांना उशीर झाला तर काका मोठ्यानं म्हणाले, मास्तरांची शाळा आत्ता सुटली वाटतं. सरांनी मला ते उंबऱ्याशी येऊन दोनदा सांगितलं. त्यानंतर अधूनमधून वाक्यं व्हायला लागली. पाऊस, गुडघे, नारळ उतरवायला माणूस न मिळणं. गोडीचं असं काही नाही. एव्हाना मी लग्न होऊन तळ्याला परत गेले होते, आणि हे सगळं सर मला फोनवर एखाद्या परिषदेचा वृत्तान्त द्यावा तसं सांगत.

गेल्या उन्हाळ्यात, ऐन कडक उन्हात, सरांना छातीत दुखायला लागलं. काकांच्या मुलानंच त्यांना गाडीत घालून अलिबागला दवाखान्यात नेलं. मी तळ्याहून पोहोचले तेव्हा नर्सनं माझ्या हातात त्यांचं जानवं आणि त्याला बांधलेली विहिरीची चावी दिली. सरांना पूजाअर्चा ठाऊक नव्हती. चावी अडकवायला बरं, एवढ्यासाठी ते जानवं घालत, असा माझा समज आहे.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते पाण्याचं. मी म्हटलं, काळजी करू नका, मी जाऊन येऊन राहीन, सकाळी पेटी मी उघडीन. त्यांनी नाही अशी मान हलवली.

मग म्हणाले, "चावी त्याला दे."

"काकांना? दोन्ही चाव्या?"

"दोन्ही. मी तिथे नाही, तू नाहीस, बेडं नाही. आता त्याला अडवणारं काही नाही. मला एकदा बघायचंय."

मी त्यांना समजावलं. रोपं अजून कोवळी आहेत, या उन्हात चार दिवस पाणी चुकलं तर हातची जातील, आणि ह्या वयात तुम्ही पुन्हा कुठे लावणार आहात. सर म्हणाले, ते मला माहीत आहे, म्हणूनच आता द्यायची. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. मी चावी काकांच्या मुलाच्या हाती पाठवली. काकांचा काहीच निरोप आला नाही.

दवाखान्यातले ते दिवस सरांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. डॉक्टर छातीला नळी लावायचे आणि हे त्यांना विचारायचे, बाहेर ऊन किती आहे. रेवदंड्याची अमेरिका भेटायला आली, वाडीवरून चक्कर टाकून येते म्हणाली, तर तिला साफ मनाई केली. निरीक्षक पाठवायचे नाहीत, म्हणाले. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "सरांची तब्येत हाय का परीक्षा हाय ही?" मी म्हटलं, परीक्षाच आहे, पण नक्की कोणाची ते मला कळत नाही. रात्री ते जागे असायचे. मी हात धरला की हात धरू द्यायचे.

महिन्याभरानं सोडलं तेव्हा आम्ही रिक्षानं परतलो. वाडीच्या तोंडाशी उतरल्यावर घरात न जाता ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सरळ रोपांकडे गेले. पहिल्या रोपाच्या आळ्यात वाकून त्यांनी माती चिमटीत घेतली. ओली होती. दुसऱ्याची ओली होती. शेवटच्या रोपापर्यंत सगळी आळी भरलेली, कडेनं नीट सावरलेली, वर नारळाच्या झावळ्यांची सावली केलेली. रोपांना नवी पानं फुटली होती. मी पलीकडे पाहिलं. कुंपणाच्या त्या बाजूला काकांच्या पोफळीची आळी कोरडी होती, माती भेगाळली होती, आणि खालची पानं पिवळी पडून लोंबत होती. पर्यटकांच्या खोल्यांना कुलूप होतं.

काका आपल्या ओटीवर होते. आम्हाला पाहून उठले नाहीत. सर पायऱ्या चढून समोर बसले. मी विचारलं, काका, तुमच्या झाडांना पाणी नाही घातलं?

काका माझ्यावरच वैतागले. "पाणी रेघेला लागलं होतं. दोघांना पुरतं तर घातलं असतं. ह्याची पोरं लहान आहेत, माझी झाडं जुनी, तग धरतात." खोल्यांचं विचारलं तर म्हणाले, मुलाशी भांडलो, महिनाभर पाहुणे नकोत म्हटलं, माणसाला आधी झाडं जगवता आली पाहिजेत.

सर रडले. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं, बायकोच्या फोटोसमोरही नाही. काका अवघडून अंगणात बघत राहिले, मग उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. सर ते प्यायले. काकांनी कमरेच्या करगोट्यातून चावी सोडवून पुढे केली.

सर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच. दोन्ही राहू देत. आता काय गरज आहे."

"आणि मी काय रोज सकाळी एकट्यानं विहिरीत बघत उभा राहू?" काका म्हणाले. "महिनाभर राहिलो तेवढं पुष्कळ झालं. घे ती, आणि उद्या वेळेवर ये."

सरांनी चावी घेतली.